बघून झालंय

हरवलेल्या माणसांच्या बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास असतं. 'शोधपथकाने आज पुन्हा त्याच परिसरात शोध घेतला.' गड कुठलाही असो, जंगल कुठल्याही देशातलं असो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे वाक्य येतंच. आणि आपण चहाचा घोट घेत म्हणतो, "अरे, काल तिथेच तर शोधलं ना? मग आज परत तिथेच काय करताय? दुसरीकडे बघा की!"

आमच्या कॅन्टीनच्या टेबलावरही मागच्या आठवड्यात हेच झालं. एकाने तर "यांच्याकडे काही सिस्टिमच नसते" असा निकालही देऊन टाकला. म्हटलं, या शनिवारी यावरच लिहू. कारण गंमत अशी आहे की त्यांच्याकडे सिस्टिम असते म्हणूनच ते परत तिथे जातात.

आम्हा प्रोग्रामर मंडळींना हे पचायला जरा जास्तच जड जातं. कॉलेजात ग्राफ सर्च शिकवताना पहिला नियम कुठला? ज्या नोडला जाऊन आलात त्यावर खूण करा. 'व्हिजिटेड' बरोबर 'ट्रू'. खूण असलेल्या नोडकडे परत फिरकायचं नाही, नाहीतर प्रोग्राम जन्मभर गोल गोल फिरत बसेल. कॉम्प्युटरमध्ये हे बरोबरच आहे. तिथे नोडला जाणं आणि नोडमध्ये काय आहे ते कळणं या दोन वेगळ्या गोष्टी नसतात. डोंगरात असतात. तुम्ही एखाद्या झुडपाच्या दहा फुटांवरून जाता आणि त्यामागे बसलेला माणूस तुम्हाला दिसत नाही. व्हिजिटेड? हो. बघितलं? हो. दिसलं? नाही. तो तिथे आहे का? माहीत नाही!

म्हणजे खूण करायचीच तर 'ट्रू' किंवा 'फॉल्स' अशी करून भागत नाही. तिथे शून्य आणि एकच्या मधला कुठलातरी आकडा लिहावा लागतो. सगळी भानगड या एका आकड्याची आहे.

शोध घेणारे लोक दोन आकडे वेगवेगळे ठेवतात. पहिला असण्याचा: हरवलेला माणूस या भागात असण्याची शक्यता किती? दुसरा दिसण्याचा: तो या भागात असेलच, तर आपल्या शोधात तो सापडण्याची शक्यता किती? आपण सामान्य माणसं पहिला आकडा मनातल्या मनात धरतो आणि दुसरा सरसकट शंभर टक्के मानून मोकळे होतो.

थोडं गणित करू या. घाबरू नका, दहावीच्या पुढचं नाही :)

समजा एक ट्रेकर हरवलाय. नकाशावर दोनच जागा शक्य आहेत, एक नाळ आणि एक पठार. त्याचा शेवटचा फोन, सोबत्यांनी सांगितलेली वाट, हे सगळं धरून नाळेत असण्याची शक्यता ६० टक्के आणि पठारावर ४० टक्के. आता असे शंभर ट्रेकर डोळ्यांसमोर आणा. साठ नाळेत, चाळीस पठारावर. नाळेत झाडी दाट, मोठमोठे धोंडे, त्यामुळे एका फेरीत निम्मेच सापडतील असं धरू. पहिल्या दिवशी पथक नाळेत जातं. साठांपैकी तीस सापडले असते, तीस राहिले असते. आपला माणूस सापडलेला नाही, म्हणजे तो उरलेल्यांपैकी आहे. उरलेले किती? नाळेत तीस, पठारावर चाळीस. आता पठाराचं पारडं जड झालं. दुसऱ्या दिवशी पथक पठारावर. तिथेही गवत डोक्याएवढं, म्हणून निम्मेच दिसणार. उरले वीस. आता बघा काय झालं ते. नाळेत तीस, पठारावर वीस. पन्नासांत तीस म्हणजे ६० टक्के, आणि वीस म्हणजे ४० टक्के.

म्हणजे दोन दिवस घाम गाळल्यावर आपण बरोबर सुरुवातीच्याच आकड्यांवर येऊन पोचलो! तिसऱ्या दिवशी कुठे जायचं? नाळेत. परत. पथकाला दुसरं काही सुचत नाही म्हणून ते तिथे जात नाही. हिशेब तिथे पाठवतो म्हणून जातं.

आणि सुरुवातीला नाळेत ८० आणि पठारावर २० टक्के असते तर? एका फेरीनंतर नाळेत चाळीस उरले असते आणि पठारावर वीस. म्हणजे नाळेत शोधून रिकाम्या हाताने परत आल्यावरही दुसऱ्या दिवशी सकाळी नाळेतच जाणं शहाणपणाचं. बाहेरून बघणाऱ्याला हा निव्वळ हट्ट वाटेल.

आता तुम्ही म्हणाल, हे निम्मे वगैरे तू तुझ्या सोयीने धरलेस. नीट शोधलं तर नव्वद-पंच्याण्णव टक्के दिसायला काय हरकत आहे?

या विषयाचं शास्त्र उभं राहिलं ते दुसऱ्या महायुद्धात, जर्मन पाणबुड्या शोधण्याच्या निमित्ताने. अमेरिकन नौदलासाठी काम करणाऱ्या गटात बर्नार्ड कूपमन नावाचा गणितज्ञ होता. समुद्रावरून विमान उडवलं तर खालची पाणबुडी दिसण्याची शक्यता किती, याचा त्याने पद्धतशीर हिशेब मांडला. त्याचं एक सूत्र आजही वापरलं जातं. समजा तुम्ही एखाद्या भागात त्या भागाच्या क्षेत्रफळाएवढीच शोधाची मेहनत ओतली. म्हणजे कागदावर सगळा भाग एकदा झाकला गेला. पण प्रत्यक्षात तुमच्या वाटा थोड्या इकडेतिकडे होणारच, कुठे एकावर एक येणार, कुठे फट राहणार. अशा वेळी सापडण्याची शक्यता किती? ६३ टक्के. मेहनत दुप्पट केली तर सुमारे ८६. तिप्पट केली तर कुठे ९५ टक्क्यांवर पोचता. 'एकदा पिंजून काढला' या शब्दांची किंमत ६३ टक्के! दर तीन वेळांत एकदा तरी माणूस तिथेच असून हुकणार.

हा आकडा कोरडा वाटत असेल तर एक खराखुरा माणूस घ्या. स्टीव्ह फॉसेट. २००२ साली बलूनमधून एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. ३ सप्टेंबर २००७ ला तो नेवाडातल्या एका रँचवरून छोट्या विमानात बसून फेरफटका मारायला निघाला आणि परत आलाच नाही. कुठे चाललोय हे त्याने कागदोपत्री कळवलेलं नव्हतं. शोध सुमारे वीस हजार चौरस मैलांवर पसरला. विमानं, हेलिकॉप्टरं, आणि घरबसल्या उपग्रहाचे फोटो तपासणारे हजारो लोक. या शोधात पूर्वी कधीतरी कोसळलेल्या इतर विमानांचे अवशेष सापडले, पण फॉसेट सापडला नाही. वर्षभराने, सप्टेंबर २००८ च्या शेवटी, कॅलिफोर्नियात मॅमथ लेक्सजवळच्या डोंगरात भटकणाऱ्या एका माणसाला झुडपात त्याची ओळखपत्रं आणि काही नोटा मिळाल्या. मग दोन दिवसांत विमानाचे अवशेष मिळाले.

नंतर हिशेब लावला तेव्हा कळलं की पहिल्या शोधात त्या जागेवरून एकोणीस वेळा विमानं गेली होती. एकोणीस वेळा! त्या जागेवर कुणाचा फारसा संशय नव्हता हे खरं, पण डोळे तर वरून गेलेच होते. आपल्या डोक्यात विमान म्हटलं की पंख, शेपूट, रंग असं चित्र असतं. खाली मात्र जोरात आपटून जळालेल्या तुकड्यांचा सडा होता, तोही खडक आणि झाडांमध्ये. वरून जाणाऱ्याला त्यात विमान दिसणार कसं?

यातून पुढचा मुद्दा निघतो. परत जायचं, पण परत तेच करायचं का?

एका फेरीत निम्मी शक्यता असेल तर दोन फेऱ्यांत ७५ टक्के, तीन फेऱ्यांत ८७.५ टक्के होते. पण हे गणित फेऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच लागू पडतं. तीच माणसं, तीच वाट, तीच वेळ, त्याच दिशेने चालणं असं असेल तर पहिल्या फेरीत जे झाडाआड होतं ते दुसऱ्या फेरीतही झाडाआडच राहणार. म्हणून जाणते लोक परत जाताना काहीतरी बदलतात. सकाळी गेले असतील तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जातात. खालून वर गेले असतील तर वरून खाली येतात. माणसांऐवजी कुत्रे नेतात. नवीन डोळे नेतात.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी प्रत्यक्ष पाहिलंय.

माझा मामा साताऱ्याला असतो. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला. शहात्तराव्या वर्षी त्याचा विसराळूपणा गमतीच्या पलीकडे गेला होता. औषध चालू होतं, बाहेर जाताना सोबत कुणीतरी असायचं. एका नोव्हेंबरात संध्याकाळी मामी देवापाशी दिवा लावत होती, तेवढ्यात तो चपला घालून निघाला. घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडच्या बाजूला. साडेआठला मामेभावाचा, संजूचा, फोन आला आणि मी आईला घेऊन पुण्याहून निघालो. आई सबंध वाटभर एक शब्द बोलली नाही.

आम्ही पोचेपर्यंत संजू आणि गल्लीतली मुलं टॉर्च घेऊन डोंगराच्या कडेच्या वाटेने तीनदा जाऊन आली होती. एका दुकानदाराने मामाला त्या वाटेला लागताना पाहिलं होतं. पोलिसांत कळवून झालं होतं, स्टँड बघून झाला होता, दवाखाने बघून झाले होते. रात्रभर आम्ही गावात फिरलो. पहाटे तिथल्या ट्रेकिंग ग्रुपची चार मुलं आली, सोबत त्यांचे सर. शाळेत पीटी शिकवणारे, बारीक अंगाचे, बोलायला एकदम शांत. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "वाटेपासूनच सुरू करू."

संजू रात्रभर जागा. तो एकदम भडकला. "सर, तिथं बघून झालंय! तीनदा बघितलंय मी स्वतः. त्यात वेळ घालवू नका, हायवेकडं चला."

मला त्याचं ते वाक्य आजही ऐकू येतं. सर 'वाटेपासून' म्हणाले, ते संजूला 'तू नीट बघितलं नाहीस' असं ऐकू आलं होतं. ज्याचा बाप हरवलाय त्याला हे ऐकू आलं तर तो भडकणार नाही तर काय करणार?

सर त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि विचारलं, "रात्री किती वाजता गेला होता? कुठनं कुठपर्यंत? हाका मारत गेला की थांबून थांबून?" संजू सांगत गेला, ते लिहीत गेले. मग म्हणाले, "दादा, तुम्ही वाट चांगली बघितलीय. आता आम्ही वाट सोडून बघतो. आणि हायवेकडं दोघं जाऊ देत, ते पण राहायला नको."

एवढ्या एका वाक्याने सगळं हलकं झालं. मी त्या चार मुलांबरोबर गेलो. वरच्या अंगाने चढून, हाताएवढं अंतर सोडून नाही तर दहा-दहा पावलांचं अंतर ठेवून, रांगेने खाली उतरायचं. प्रत्येक झुडपाची मागची बाजू बघायची. हाक मारायची आणि मग मिनिटभर सगळ्यांनी दगडासारखं उभं राहायचं. पाय वाजवायचे नाहीत, बोलायचं नाही. तसं उभं राहिल्यावर कळलं की चालताना आपण स्वतःच्याच पायांच्या आवाजात किती बुडालेलो असतो.

आठ-सव्वाआठला मामा सापडला. वाटेपासून पंचवीस पावलांवर, कोरड्या ओढ्याच्या कडेला घाणेरीच्या जाळीत बसलेला. एक चप्पल गायब, हातांवर ओरखडे, बाकी धडधाकट. पाणी प्यायला, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "रात्रभर कोणतरी देशमुख साहेबांना हाका मारत होतं. सापडले का ते?"

देशमुख साहेब म्हणजे तोच. गल्लीतली मुलं त्याच नावाने हाका मारत होती.

पुढे रॉबर्ट कोस्टर या अमेरिकन अभ्यासकाचं हरवलेल्या माणसांच्या वागण्यावरचं पुस्तक चाळलं (२००८ साली आलंय). जगभरातल्या शोधमोहिमांच्या नोंदी गोळा करून त्याने कुठल्या प्रकारचा माणूस हरवल्यावर साधारण काय करतो ते मांडलंय. स्मृतिभ्रंश झालेल्या लोकांबद्दल या क्षेत्रात एक गोष्ट नेहमी सांगतात. ही माणसं अडकेपर्यंत चालत राहतात. झुडपात, ओढ्यात, कुंपणात अडकली की तिथेच थांबतात, आणि हाकेला ओ देतीलच असं नाही. लहान मुलंही कधीकधी अनोळखी हाका ऐकून घाबरून लपतात. म्हणजे दिसण्याचा आकडा फक्त शोधणाऱ्याच्या डोळ्यांवर ठरत नाही, ज्याला शोधतोय त्याच्यावरही ठरतो. शिवाय जिवंत माणसाला पाय असतात. काल दुपारी जी जागा खरोखर रिकामी होती तिथे तो काल संध्याकाळी येऊन बसलेला असू शकतो. पूर ओसरतो, धुकं हटतं, गवत वाळतं. जागा नकाशावर तीच असते, पण काल बघितलेली जागा आज तीच राहिलेली नसते.

हा हिशेब सगळ्यात मोठ्या प्रमाणावर कुठे उपयोगी पडला ते सांगतो.

१ जून २००९. एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं विमान अटलांटिक महासागरात कोसळलं. फ्लाइट ४४७. विमानात २२८ माणसं होती. विमानाने आपोआप पाठवलेली शेवटची जागा माहीत होती, आणि तिथून ते जास्तीत जास्त चाळीस नॉटिकल मैल जाऊ शकलं असतं. तेवढं वर्तुळ काढलं तरी साधारण सतरा हजार चौरस किलोमीटर होतं, आणि तळ काही हजार मीटर खोल. काही दिवसांनी पाण्यावर तरंगणारे अवशेष मिळाले, पण तोवर ते वाहत कुठल्या कुठे गेले होते.

ब्लॅक बॉक्सला पिंगर लावलेला असतो. त्या वेळचा पिंगर पाण्यात पडल्यावर किमान तीस दिवस टिक् टिक् आवाज पाठवत राहायचा. पहिल्या महिन्यात जहाजांनी पाण्याखाली मायक्रोफोन ओढत तो आवाज ऐकायचा प्रयत्न केला, विमानाच्या शेवटच्या जागेच्या आसपासही. काही ऐकू आलं नाही. मग साहजिकच त्या भागावर 'बघून झालंय'चा शिक्का बसला आणि पुढचे शोध इतरत्र सरकले. २००९ गेलं, २०१० गेलं. काही नाही.

मग फ्रान्सच्या अपघात तपास संस्थेने, बीईएने, मेट्रन या अमेरिकन कंपनीतल्या गणितज्ञांना सगळा हिशेब नव्याने मांडायला सांगितलं. लॉरेन्स स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या प्रत्येक शोधाला त्याच्या लायकीचा आकडा दिला. आणि एक साधा प्रश्न विचारला: आवाज आला नाही याचा अर्थ विमान तिथे नाही, की पिंगर बंद पडलेत? दोन पिंगर होते. दोन्ही बंद पडण्याची शक्यता कमी वाटते. पण दोघांनाही एकच धक्का बसला असेल तर? मग ते दोन स्वतंत्र साक्षीदार राहत नाहीत. (आपल्या क्षेत्रात दोन सर्व्हर ठेवून दोन्ही एकाच यूपीएसवर लावण्यासारखं!) पिंगर बंद होते असं धरल्यावर नकाशा पार बदलला. सगळ्यात जास्त शक्यता आली ती विमानाच्या शेवटच्या जागेच्या आसपास. म्हणजे सुरुवातीला कान लावून सोडून दिलेल्या भागातच.

२०११ च्या मार्चअखेरीस पाण्याखालचे रोबो तिथे सोडले. साधारण आठवड्याभरात, ३ एप्रिलला, अवशेष सापडले. शेवटच्या जागेपासून साडेसहा नॉटिकल मैलांवर, सुमारे ३९०० मीटर खोल. पुढे वर आणलेला एक पिंगर तपासला, तर पूर्ण वीजपुरवठा देऊनही तो आवाज काढेना.

आपल्याकडचं एक उदाहरण याच जातीचं आहे. २२ जुलै २०१६ ला हवाई दलाचं एएन-३२ विमान तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झालं. विमानात २९ जण होते. त्या वेळी जहाजं आणि विमानं लावून मोठा शोध झाला, काही हाती लागलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेच्या पाण्याखालच्या स्वयंचलित यानाने विमान हरवलं त्याच भागात ३४०० मीटर खोलीवर अवशेषांचे फोटो टिपलेत. जागा तीच, शोधण्याचं साधन नवं. साडेसात वर्षं थांबलेल्या २९ घरांना निदान 'कुठे' याचं उत्तर मिळालं.

मग काय, शोधत राहायचं, कधीतरी सापडेलच? तसंही नाही. हाच हिशेब थांबायचं कधी तेही सांगतो, आणि तो भाग जास्त कठीण आहे.

परत शंभर माणसं डोळ्यांसमोर आणा. नव्वद आपल्या नकाशाच्या आत आणि दहा बाहेर, जिथे आपण शोधतच नाही आहोत. परत परत शोधून आपण आतला भाग नव्वद टक्के निकालात काढला. आत उरले नऊ. बाहेर अजून दहाच्या दहा. म्हणजे आता तो नकाशाबाहेर असण्याची शक्यता आत असण्यापेक्षा जास्त झाली. अशा वेळी परत तिथेच जाणं फुकट. एकतर नकाशा मोठा करायचा, सुरुवातीच्या गृहीतकांकडे नव्याने बघायचं, नाहीतर थांबायचं.

जिम ग्रे हे नाव आपल्यापैकी डेटाबेसवाल्यांनी ऐकलं असेल. आपण बँकेतून पैसे ट्रान्सफर करतो आणि अर्धवट व्यवहारात पैसे हरवत नाहीत, त्यामागच्या विचारात या माणसाचा फार मोठा वाटा. १९९८ चं ट्युरिंग अवॉर्ड त्याला मिळालं. २८ जानेवारी २००७ ला तो आपल्या बोटीने एकटाच सॅन फ्रान्सिस्कोहून फॅरलॉन बेटांकडे निघाला, आईच्या अस्थी समुद्रात सोडायला. परत आला नाही. अमेरिकन तटरक्षक दलाने लाखाहून जास्त चौरस मैल समुद्र धुंडाळला. मग त्याच्या मित्रांनी, म्हणजे आपल्या क्षेत्रातल्या दिग्गजांनी, उपग्रहांचे फोटो मिळवले, ते ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्कवर टाकले आणि हजारो स्वयंसेवकांनी चौकोन चौकोन करून तपासले. एकच फोटो अनेकांना दाखवला जायचा, कारण एकाच्या 'इथे काही नाही' वर कुणी विसंबून राहणार नव्हतं. पुढे समुद्राच्या तळाशी सोनारनेही शोधलं. बोटीचा तुकडासुद्धा मिळाला नाही. २०१२ साली कोर्टाने त्याला मृत घोषित केलं.

याच जिम ग्रेने १९८५ मध्ये एक पेपर लिहिला होता, कॉम्प्युटर बंद का पडतात यावर. त्यात तो म्हणतो की चालू सिस्टिममधले बरेचसे बग असे असतात की तेच काम पुन्हा करून बघितलं तर अडत नाही. म्हणून पहिल्या अपयशावर हार न मानता पुन्हा प्रयत्न करा. आपण रोज लिहितो त्या 'रिट्राय'मागे हाच विचार आहे. आणि रिट्राय लिहिताना आपण आणखी एक गोष्ट लिहितो: किती वेळा. त्या आकड्याशिवायचा रिट्राय कुणी कोड रिव्ह्यूमध्ये पास करत नाही. त्याच्या मित्रांनीही अखेर तो आकडा लिहिला. त्या लोकांना हिशेब येत नव्हता असं कोण म्हणेल? पण तो लिहिताना त्यांना काय वाटलं असेल, ते हिशेबात कुठे बसत नाही.

असो. या लेखातून एखादी उपयोगाची गोष्ट न्यायची असेल तर ती त्या पीटीच्या सरांची वही. देव न करो, पण घरातलं कुणी हरवलं, आजी-आजोबा, लहान मूल, कुणीही, तर पोलिसांत कळवल्यावर पहिल्या तासापासून एकाने फक्त लिहायचं. कोण गेलं, कुठून कुठपर्यंत गेलं, किती वाजता, उजेड कसा होता, पायी की गाडीवर, हाका मारल्या का, थांबून ऐकलं का. आणि शेवटी एक प्रामाणिक आकडा: माणूस तिथे असताच, तर आपल्याला दिसण्याची शक्यता किती होती? चाळीस वाटत असेल तर चाळीसच लिहायचं. बाइकवरून रात्री मारलेल्या चकरेला दहाही पुष्कळ झाले. अनुभवी पथकं तर सरावाच्या वेळी झाडीत कपडे किंवा बाहुले लपवून ठेवतात आणि आपल्याच माणसांना त्यांतले किती दिसतात ते मोजतात. आकडा भल्याभल्यांचा कमी येतो. डोंगरात ही कुणाची लाज नसते.

वहीत चाळीस लिहिलेलं असलं की परत जाणं सोपं होतं. कुणाला कुणावर ओरडावं लागत नाही. ज्याने आधी बघितलं त्याने खरंच बघितलेलं असतं, आणि तरीही उरलेले साठ तिथे शिल्लक असतात. संजूला हे कुणी रात्री दहाला सांगितलं असतं तरी त्याला पटलं नसतं. सरांनी त्याला ते सांगितलंच नाही, नुसती वही उघडली.

तेव्हा पुढच्या वेळी बातमीत 'पथक पुन्हा त्याच परिसरात' असं वाचलं, तर चहा जरा बाजूला ठेवा. कुणीतरी त्या परिसरासमोर शंभरपेक्षा कमी आकडा लिहिण्याची हिंमत दाखवली आहे.